शून्याने भागलं एका थ्रेडने, मेला दुसराच: कॉन्टेक्स्ट स्विच आणि फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्स८६ मशीनवर, लिनक्समध्ये, स्वतः लिहिलेला शेड्यूलर आहे. एकाच कर्नल थ्रेडवर तो बरेच फायबर, म्हणजे स्वतःहून ताबा सोडणारे हलके थ्रेड, आळीपाळीने चालवतो. हिशोबाचा बराचसा भाग लाँग डबलमध्ये, म्हणजे एक्स८७ हे जुनं गणिती एकक वापरणाऱ्या प्रकारात, आहे. काही फायबरनी शून्याने भागण्याचं एक्सेप्शन मुद्दाम उघडं ठेवलंय, म्हणजे ती चूक घडली की प्रोसेसरने काम थांबवून कळवायचं; बाकीच्यांनी सगळी झाकलेली आहेत, म्हणजे कळवायचं नाही. आणि कधीतरी, आठवड्यातून एखाद्या वेळी, ज्या फायबरमध्ये भागाकाराचा पत्ता नाही तोच सिगएफपीईने, म्हणजे गणितातल्या चुकीसाठी कर्नल पाठवतं त्या सिग्नलने, मरतो. डीबगर बोट दाखवतो ते एका साध्या लोड इन्स्ट्रक्शनकडे. स्विच करताना एक्सेप्शनचं करायचं काय, आणि कर्नल हे कसं सांभाळतं, असं विचारलं आहे.

करून गेला गाव आणि कांदेकराचे नाव, असा हा प्रकार. जुन्या एक्स८७ एककात एक्सेप्शन घडतं एका क्षणी आणि कळवलं जातं दुसऱ्या क्षणी. मधल्या काळात ते स्टेटस वर्ड या रजिस्टरमधल्या बिटांच्या, म्हणजे फ्लॅगच्या, रूपात पडून असतं, म्हणजे रजिस्टरांइतकंच ते त्या थ्रेडचं स्वतःचं असतं. स्विच करताना तुम्ही कंट्रोल वर्ड बदलता, म्हणजे कोणतं एक्सेप्शन झाकलंय याची यादी (मास्क) बदलता, पण स्टेटस वर्ड मागेच ठेवता. मग एकाचे फ्लॅग आणि दुसऱ्याचे मास्क यांची गाठ पडते, आणि प्रोसेसर इमानदारीने समोर दिसेल त्याला पकडतो. फ्लॅग आणि मास्क ही जोडी कधी फोडायची नाही, यावर खालचं सगळं उभं आहे.

हा उशीर आला कुठून ते आधी पाहू, कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. १९८० मध्ये इंटेलने ८०८७ आणला तेव्हा तो ८०८६ च्या शेजारच्या सॉकेटमध्ये बसणारी वेगळी चिप होती. मुख्य प्रोसेसर भागाकार सांगून पुढच्या कामाला लागायचा आणि ८०८७ आपल्या गतीने तो पुरा करायचा. दोघांची गाठ घालून द्यायला वेट ही इन्स्ट्रक्शन होती, आणि असेंब्लर ती बहुतेक एक्स८७ इन्स्ट्रक्शनच्या आधी गुपचूप घालायचा. पुढे १९८९ च्या ४८६ मध्ये दोन्ही एकाच सिलिकॉनवर आले, तरी सॉफ्टवेअरला दिसणारा करार तोच राहिला. आजच्या प्रोसेसरवरही, झाकलेलं नसलेलं एक्सेप्शन घडलं की स्टेटस वर्डमध्ये त्याचा फ्लॅग लागतो, सातव्या क्रमांकाचा ईएस हा सारांश बिट लागतो, आणि बस्स. १६ नंबरचा फॉल्ट, म्हणजे काम थांबवून कर्नलकडे जाणारी तक्रार, येतो तो पुढच्या ‘थांबणाऱ्या’ एक्स८७ इन्स्ट्रक्शनला. एफडिव्ह या भागाकाराच्या इन्स्ट्रक्शनने शून्याने भागलं, पुढे दोन हजार पूर्णांकी इन्स्ट्रक्शन झाल्या, मग एफएलडी ही लोड इन्स्ट्रक्शन आली, तर फॉल्ट एफएलडीवर. म्हणून तुमचा डीबगर निरपराध लोडकडे बोट दाखवतो.

खरा गुन्हेगार शोधायचा असेल तर सिग्नल हँडलरला मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टमधल्या एफपीयूच्या, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट एककाच्या, भागात जा. तिथे शेवटच्या एक्स८७ इन्स्ट्रक्शनचा पत्ता वेगळा ठेवलेला असतो. प्रोसेसरच्या रिप रजिस्टरमध्ये, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनच्या पत्त्यात, फक्त तक्रार कुठे नोंदवली गेली ते कळतं.

आता थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा भेद. नावात एफच्या मागे एन असेल तर ती प्रलंबित एक्सेप्शनकडे पाहत नाही: एफएनसेव्ह (पूर्ण स्थिती साठवणारी), एफएनएसटीसीडब्ल्यू (कंट्रोल वर्ड साठवणारी), एफएनएसटीएसडब्ल्यू (स्टेटस वर्ड साठवणारी), एफएनक्लेक्स (फ्लॅग पुसणारी), एफएनइनिट (सगळं कोरं करणारी). एन नसलेलं एफसेव्ह म्हणजे खरं तर एफवेट (वरच्या वेटचंच दुसरं नाव) अधिक एफएनसेव्ह. आणि एफएलडीसीडब्ल्यू, म्हणजे कंट्रोल वर्ड भरणारी इन्स्ट्रक्शन, थांबणारी आहे. तिला एन असलेलं भावंडच नाही. हे लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नात त्याचा थेट संबंध आहे.

कर्नलचं आधी घेऊ. थ्रेड ‘अ’ ने उघड्या मास्कसह शून्याने भागलं. ईएस लागला. पुढची एक्स८७ इन्स्ट्रक्शन येण्याआधी टायमरचा इंटरप्ट आला आणि शेड्यूलरने ‘ब’ ला बोलावलं. स्विच करणाऱ्या कोडने एफसेव्ह वापरलं तर फॉल्ट कर्नलच्या पत्त्यावर, कर्नल मोडमध्ये उडतो. कर्नलने ते गणित केलेलंच नाही, पण हँडलरला दिसतं ते कर्नलमधलं एक्सेप्शन, आणि बहुतेक कर्नल अशा वेळी स्वतःलाच संपवून घेतात. एफएनसेव्ह वापरलं तर ईएससकट सगळं ‘अ’ च्या खात्यात लिहिलं जातं. ३२ बिट प्रोटेक्टेड मोडमध्ये ते १०८ बाइट भरतं. वर एफएनसेव्ह एफपीयूला कोरं करूनही देतं: कंट्रोल वर्ड हेक्समध्ये ०३७एफ, सगळे मास्क लागलेले, फ्लॅग शून्य. ‘ब’ कोऱ्या पाटीवर सुरू होतो. ‘अ’ परत आला की त्याची स्थिती ईएससकट भरली जाते, भरताना काही होत नाही, आणि त्याच्या पुढच्या एक्स८७ इन्स्ट्रक्शनला फॉल्ट त्याच्याच नावाने येतो.

इथपर्यंत सरळ आहे. गोंधळ एफएक्ससेव्हने घातला. एसएसई हे नवं गणिती एकक आल्यावर साठवणीसाठी मोठं, ५१२ बाइटचं, १६ च्या पटीत अलाइन केलेलं क्षेत्र लागलं. एफएक्ससेव्हही प्रलंबित एक्सेप्शनकडे पाहत नाही, त्या बाबतीत ते एफएनसेव्हसारखंच. पण ते एफपीयू कोरं करत नाही. जुना कोड एफएनसेव्हच्या या सवयीवर विसंबून लिहिलेला असला आणि कोणी नुसतं नाव बदलून एफएक्ससेव्ह घातलं, तर ईएस बिट हार्डवेअरमध्ये तसाच जिवंत राहतो. उधारी एकाची, आणि दुकानात पुढे जो पाय ठेवेल त्याच्याकडून वसुली. तुम्ही लगेच पुढच्या थ्रेडची पूर्ण स्थिती एफएक्सरिस्टरने भरणार असाल तर स्टेटस वर्ड त्यात पुसला जातो. पण मध्ये कुठे एफपीयूला हात लागत असेल, किंवा पुढच्या थ्रेडची स्थिती तुम्ही आळशीपणे नंतर भरणार असाल, तर सेव्ह झालेल्या प्रतीतला स्टेटस वर्ड तपासा, ईएस लागलेला असेल तर एफएनक्लेक्स मारा. लिनक्समध्ये बरीच वर्षं हीच तपासणी होती. क्रम चुकवू नका: आधी साठवा, मग पुसा. उलट केलंत तर ‘अ’ चं एक्सेप्शन हवेत विरून जाईल, आणि ते बगपेक्षा वाईट, कारण कोणी ओरडणारच नाही.

यात चूक झाली तर काय होतं याचं चांगलं उदाहरण २००४ च्या जूनमध्ये लिनक्सने दिलं. सुरक्षा त्रुटींच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२००४-०५५४ या नावाने ते नोंदलेलं आहे. सिग्नल हँडलरमध्ये एफसेव्ह आणि एफरिस्टरचा ठरावीक क्रम वापरणारा छोटासा सी प्रोग्रॅम, कोणत्याही साध्या युजरने चालवला तरी २.४ आणि २.६ दोन्ही मालिकांचं कर्नल गोठायचं. थ्रेडची एफपीयू स्थिती टाकून देताना कर्नल एक एफवेट मारत असे. वापरकर्त्याने एक्सेप्शन प्रलंबित ठेवून दिलेलं असलं की तो एफवेट कर्नल मोडमध्ये फॉल्ट घ्यायचा, हँडलर सिग्नल नोंदवून परत त्याच एफवेटवर यायचा, पुन्हा फॉल्ट. अनंत चक्र. दुरुस्ती एका शब्दाची झाली: एफवेटच्या आधी एफएनक्लेक्स. पुढच्या काळात तिथे एफवेट ठेवून त्याचा फॉल्ट एक्सेप्शन टेबलमधून गिळून टाकण्याची पद्धत आली, म्हणजे युजर स्पेसमधून उशिरा आलेलं एक्सेप्शन कर्नलने मनावर घ्यायचं नाही. इतक्या अनुभवी लोकांच्या नजरेतून जे वर्षानुवर्षं सुटलं ते तुमच्या शेड्यूलरमध्ये असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

आळशी स्विचिंगचा वर उल्लेख आला, तर त्याचंही सांगतो, जरी नवीन कोडमध्ये ते वापरू नका असंच माझं मत आहे. प्रोसेसरच्या सीआर० या नियंत्रण रजिस्टरमध्ये टीएस नावाचा बिट आहे. स्विच करताना एफपीयूला हात न लावता फक्त टीएस लावायचा. पुढच्या थ्रेडने एफपीयू वापरलाच तर ७ नंबरचा फॉल्ट येतो, तेव्हा जुन्या मालकाची स्थिती साठवायची आणि नव्याची भरायची. ज्या काळात बहुतेक प्रोग्रॅम फ्लोटिंग पॉइंटला शिवतही नसत तेव्हा हे शहाणपणाचं होतं. पण यात एफपीयूचा मालक आणि चालू थ्रेड वेगळे असू शकतात, आणि एक्सेप्शनच्या हिशोबात तोच घोळ. विशेषतः जुन्या आयबीएम पीसी एटी मशीनवर, जिथे कोप्रोसेसरचं एक्सेप्शन आयआरक्यू १३ या इंटरप्टच्या तारेवरून, इंटरप्ट कंट्रोलरमार्गे, बाहेरून यायचं. ते पोचेपर्यंत चालू थ्रेड बदललेला असू शकतो. म्हणून त्या हँडलरने चालू थ्रेडला सिग्नल पाठवायचा नसतो, एफपीयू शेवटी कोणी वापरला ते पाहून त्याला पाठवायचा असतो. ४८६ पासून सीआर० मध्ये एनई बिट आहे. तो लावला की एक्सेप्शन १६ नंबरच्या फॉल्टने आतूनच येतं. छंद म्हणून कर्नल लिहिणाऱ्यांनी बूट होताना एनई लावायला विसरू नये. विसरलं की फॉल्ट येतच नाही आणि माणूस आपला हँडलर तपासत बसतो.

आळशी पद्धतीचा शेवट मात्र एक्सेप्शनने नाही, सुरक्षेने केला. २०१८ च्या जूनमध्ये सीव्हीई-२०१८-३६६५ जाहीर झालं: टीएस लागलेला असताना इंटेलचे प्रोसेसर अंदाजाने पुढच्या इन्स्ट्रक्शन चालवून पाहताना जुन्या मालकाची रजिस्टरं वापरत, आणि ती बाजूच्या वाटेने (साइड चॅनेलने) वाचता येत. एईएस एन्क्रिप्शनच्या किल्ल्या याच रजिस्टरांत असतात. लिनक्सने २०१६ मध्येच सर्व प्रोसेसरवर उत्साही पद्धत, म्हणजे प्रत्येक स्विचला पूर्ण साठवणं आणि भरणं, मूळ सेटिंग केली होती.

याच वळणावरची एक जुनी गंमत: सीव्हीई-२००६-१०५६. एएमडीच्या तेव्हाच्या प्रोसेसरवर एफएक्ससेव्ह आणि एफएक्सरिस्टर शेवटच्या एक्स८७ इन्स्ट्रक्शनचा पत्ता ईएस लागलेला असेल तरच हलवत. म्हणजे एक्सेप्शन नसलेल्या थ्रेडला आधीच्या थ्रेडचा इन्स्ट्रक्शन पत्ता वाचता यायचा. उपाय म्हणून स्विचमध्ये एफएनक्लेक्स, ईएमएमएस (एक्स८७ चा स्टॅक रिकामा करणारी) आणि एक निरुपयोगी पूर्णांक लोड घातला गेला, फक्त ते पत्ते निरर्थक मूल्यांनी झाकायला. प्रलंबित एक्सेप्शनचा बिट किती ठिकाणी लुडबुड करतो याची कल्पना यावी.

एसएसईने हा सगळा जाच संपवला. तिथे एमएक्ससीएसआर हे ३२ बिटांचं एकच रजिस्टर आहे: खालच्या ६ बिटांत फ्लॅग, ७ ते १२ मध्ये मास्क, आणि सुरुवातीचं मूल्य हेक्समध्ये १एफ८०. फॉल्टचा नंबर १९, आणि तो ज्या इन्स्ट्रक्शनने चूक केली त्याच इन्स्ट्रक्शनवर येतो. प्रलंबित असं काही राहतच नाही. जुना फ्लॅग लागलेला असताना त्याचा मास्क उघडला तरी काही होत नाही. नव्याने तीच चूक घडली तरच फॉल्ट. शिवाय फ्लॅग आणि मास्क एकाच रजिस्टरात असल्याने जोडी फुटायची सोय नाही. कर्नल लिहिणाऱ्याला फक्त सीआर४ मधला ओएसएक्सएमएमईएक्ससीपीटी बिट लावावा लागतो, नाहीतर १९ ऐवजी अवैध इन्स्ट्रक्शनचा ६ नंबरचा फॉल्ट येतो आणि माणूस चक्रावतो. तुमचा हिशोब लाँग डबलऐवजी डबलमध्ये भागत असेल तर ६४ बिट बिल्डमध्ये तो आपोआप एसएसईत जाईल आणि तुमची अडचण जागच्या जागी मिटेल. पण लाँग डबल लोक उगाच वापरत नाहीत, हे गृहीत धरून पुढे जातो.

कर्नलला स्वतःला कधीकधी एसएसई लागतं, एन्क्रिप्शनसाठी वगैरे. तिथेही युजरने उघडे ठेवलेले मास्क कर्नलला चावू शकतात, म्हणून लिनक्सचं कर्नल_एफपीयू_बिगिन युजरची स्थिती साठवून झाल्यावर एमएक्ससीएसआर मूळ मूल्यावर आणतं.

आता तुमचा फायबरचा शेड्यूलर. सिस्टिम फाइव्हच्या ६४ बिट एबीआयनुसार, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांशी कसं वागायचं याच्या करारानुसार, एक्स८७ चा कंट्रोल वर्ड आणि एमएक्ससीएसआरचे कंट्रोल बिट बोलावलेल्या फंक्शनने जपायचे असतात. स्टेटसचे बिट जपायची जबाबदारी त्याची नाही. बहुतेक फायबर लायब्ररी हे अक्षरशः पाळतात. बूस्ट या सी++ लायब्ररीचा कॉन्टेक्स्ट कोड एसटीएमएक्ससीएसआर आणि एफएनएसटीसीडब्ल्यूने दोन्ही स्टॅकवर ठेवतो, स्टॅक पॉइंटर बदलतो, मग एलडीएमएक्ससीएसआर आणि एफएलडीसीडब्ल्यूने नव्याचे भरतो. एबीआयच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पण तुमच्यासारखी मिश्र परिस्थिती आली की दोन वेगवेगळे अपघात होतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात.

पहिला: ‘अ’ ने सगळं झाकलेलं आहे. तो शून्याने भागतो, उत्तर अनंत येतं, फ्लॅग लागतो, कोणी काही बोलत नाही. हा फ्लॅग चिकट असतो, पुसल्याशिवाय जात नाही. स्विच होतो, एफएलडीसीडब्ल्यू ‘ब’ चा उघडा मास्क भरते. त्या क्षणी जुना फ्लॅग आणि नवा मास्क मिळून ईएस लागतो, आणि ‘ब’ ची पुढची एक्स८७ इन्स्ट्रक्शन, मग ती निव्वळ एकचा स्थिरांक लोड करणारी असली तरी, फॉल्ट घेते. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात. इंटेलची पुस्तिकाही कंट्रोल वर्ड बदलण्याआधी फ्लॅग पुसा असंच सांगते, फक्त ते वाक्य एफएलडीसीडब्ल्यूच्या पानावर आहे आणि ते पान सहसा कोणी उघडत नाही.

दुसरा: ‘अ’ चे मास्क उघडे आहेत, त्याने भागलं, ईएस लागला, आणि पुढची एक्स८७ इन्स्ट्रक्शन यायच्या आत त्याने स्वतःहून ताबा सोडला. आता पहिली थांबणारी इन्स्ट्रक्शन म्हणजे तुमच्याच स्विचमधली एफएलडीसीडब्ल्यू. ती चालते तेव्हा स्टॅक पॉइंटर आधीच ‘ब’ चा झालेला असतो. सिग्नल येतो तो ‘ब’ च्या स्टॅकवर, बॅकट्रेसमध्ये ‘ब’ ची फंक्शन दिसतात, आणि तुम्ही ‘ब’ चा कोड वाचत रात्र काढता.

उपाय कर्नलच्या उलट आहे, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत आवडते. कर्नलमध्ये स्विच कधीही, कुठेही होतो, म्हणून तिथे थांबायचं नाही. फायबर मात्र स्वतःहून, फंक्शन कॉलच्या रूपात ताबा सोडतो. तेव्हा स्विचच्या अगदी सुरुवातीला, ‘अ’ च्या स्टॅकवर असतानाच, मुद्दाम एक एफवेट मारा. काही देणं असेल तर ‘अ’ ने ते स्वतःच्या घरात फेडावं. मग एफएनएसटीसीडब्ल्यू आणि एसटीएमएक्ससीएसआरने साठवण, मग एफएनक्लेक्स, मग स्टॅक बदल, आणि शेवटी नव्याचे कंट्रोल वर्ड आणि एमएक्ससीएसआर. दोन्ही फायबरचा कंट्रोल वर्ड सारखाच असेल तर एफएनक्लेक्स आणि एफएलडीसीडब्ल्यू दोन्ही टाळता येतात. साठवलेल्या मूल्यांची तुलना स्वस्त असते.

एक तोटा आहे. एफएनक्लेक्सने ‘अ’ चे चिकट फ्लॅग गेले. ताबा सोडून परत आल्यावर कोणी एफईटेस्टएक्सेप्ट या सी फंक्शनने ‘या सगळ्या हिशोबात कुठे ओव्हरफ्लो झाला का’ असं विचारत असेल तर त्याला खोटं उत्तर मिळेल. आणि पुसलं नाही तर दुसऱ्याचं उत्तर मिळेल, जे माझ्या मते जास्त धोक्याचं. फ्लॅगही फायबरसोबत जायला हवे असतील तर एफएनएसटीईएनव्ही आणि एफएलडीईएनव्हीची जोडी वापरा. २८ बाइटमध्ये कंट्रोल आणि स्टेटस दोन्ही हलतात, थोडं महाग पडतं. जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीचं स्वॅपकॉन्टेक्स्ट हेच करतं. एफएनएसटीईएनव्ही साठवल्यावर सगळे मास्क लावून टाकतं, म्हणून गेटकॉन्टेक्स्टमध्ये त्याच्या लगेच खाली तीच प्रत परत भरणारी एफएलडीईएनव्ही दिसते. ती ओळ अनावश्यक समजून कोणी काढू नये. स्वॅपकॉन्टेक्स्ट दर वेळी सिग्नल मास्कसाठी सिस्टिम कॉलही करतं, म्हणून बरेच जण ते टाळतात, पण फ्लोटिंग पॉइंटच्या बाबतीत ते घरगुती स्विचपेक्षा शहाणं आहे.

सिग्नल हँडलरचंही बघा, कारण एक्सेप्शन उघडं ठेवणारा माणूस पुढे सिगएफपीई पकडायलाच जातो. हँडलरमधून साधं परत आलात तर कर्नल जुनी स्थिती ईएससकट परत भरतं आणि पुन्हा तोच फॉल्ट. एसएसईत तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते. परत यायचंच असेल तर कॉन्टेक्स्टमधल्या साठवलेल्या प्रतीत एक्स८७ साठी फ्लॅग पुसा किंवा मास्क लावा, एसएसईसाठी मास्कच लावा. हँडलरच्या आत फ्लॅग पुसणारं एफईक्लिअरएक्सेप्ट बोलावून उपयोग नाही, कारण लिनक्स हँडलरला स्वतंत्र कोरी एफपीयू स्थिती देतं. म्हणून लोक सिगलाँगजंप मारतात, म्हणजे हँडलरमधून थेट आधी जंप बफरमध्ये नोंदवलेल्या जागी उडी घेतात. ते चालतं, पण जीलिबसीच्या एक्स८६-६४ जंप बफरमध्ये ८ सामान्य रजिस्टरं असतात, एमएक्ससीएसआर नसतं. उडी मारल्यावर तुम्ही हँडलरच्या कोऱ्या स्थितीतच राहता, म्हणजे सगळे मास्क लागलेले. पहिलं एक्सेप्शन पकडलं जातं, त्यानंतरची सगळी मुकाट जातात. उडीनंतर मास्क उघडणारं एफईएनेबलएक्सेप्ट पुन्हा बोलावा. विंडोजच्या ६४ बिट जंप बफरमध्ये दोन्ही कंट्रोल ठेवलेले असतात, त्यामुळे तिकडून आणलेला कोड इकडे वेगळा वागतो.

खऱ्या थ्रेडबद्दल एवढंच: सी११ आणि पॉझिक्स दोन्ही म्हणतात की नव्या थ्रेडला त्याला जन्म देणाऱ्याचं फ्लोटिंग पॉइंट वातावरण मिळतं, जन्माच्या क्षणी जसं असेल तसं. म्हणून थ्रेड पूल आधी उभा केला आणि मेनमध्ये एफईएनेबलएक्सेप्ट नंतर बोलावलं तर कामगार थ्रेडना त्याची गंधवार्ता नसते. ओपनएमपी या समांतर कामाच्या पद्धतीतही तेच. उलटही घडतं. जीसीसी कंपायलरच्या १३ व्या आवृत्तीआधी -एफफास्ट-मॅथ या वेगासाठीच्या पर्यायाने बांधलेली शेअर्ड लायब्ररी लोड झाली की तिचा सुरुवातीचा कोड एमएक्ससीएसआरमध्ये सूक्ष्म संख्यांना शून्य करणारे बिट लावून टाकायचा, पण फक्त ज्या थ्रेडने डीएलओपनने ती लोड केली त्याच्यात आणि त्याच्या पुढच्या पिलावळीत. एकाच प्रोग्रॅमच्या दोन थ्रेडनी एकाच बेरजेची दोन उत्तरं दिली तर आधी हे तपासा. डेल्फी भाषावाल्यांना हा अनुभव जुना आहे: २०२३ च्या डेल्फी १२ पर्यंत डेल्फी मुळातच काही एक्सेप्शन उघडी ठेवायची, आणि सी मध्ये लिहिलेली डीएलएल ती सगळी झाकलेली आहेत या भरवशावर असायची.

एक्स८६ च्या बाहेर चित्र बरंच शांत आहे. रिस्क-व्हीमध्ये फ्लोटिंग पॉइंटचे फॉल्टच नाहीत, फक्त चिकट फ्लॅग. ६४ बिट आर्ममध्ये फॉल्ट ऐच्छिक आहेत. ज्या कोअरमध्ये ते नाहीत तिथे एफईएनेबलएक्सेप्ट उणे एक परत करतं. ते परतीचं मूल्य तपासत जा.

पण मायक्रोकंट्रोलरवाल्यांसाठी कॉर्टेक्स-एम४एफचा एक खड्डा सांगायलाच हवा, कारण आजार तोच आहे. तिथे फ्लॅग एफपीएससीआर या स्टेटस रजिस्टरमध्ये लागतात आणि चिप बनवणारा ते एकत्र करून एका साध्या इंटरप्टला जोडतो. इंटरप्ट आला की हार्डवेअर एस० ते एस१५ ही फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं आणि एफपीएससीआर यांच्यासाठी स्टॅकवर जागा राखतं, पण प्रत्यक्ष लिहितं तेव्हाच, जेव्हा हँडलर पहिल्यांदा एफपीयूला हात लावेल. म्हणजे फ्लॅगच्या दोन प्रती: एक जिवंत, एक स्टॅकवर. हँडलरमध्ये फक्त जिवंत प्रत पुसली तर परतताना स्टॅकवरची भरली जाते आणि इंटरप्ट पुन्हा हजर. बरोबर क्रम असा: आधी एफपीएससीआर वाचा, म्हणजे लांबलेलं लिहिणं होऊन जाईल, मग एफपीसीएआर रजिस्टरमधल्या, म्हणजे त्या राखलेल्या जागेच्या, पत्त्यापासून ६४ बाइट पुढे असलेल्या प्रतीतले फ्लॅग पुसा. नॉर्डिकच्या एनआरएफ५२८३२ या चिपवर हा प्रलंबित इंटरप्ट प्रोसेसरला झोपूच देत नाही, आणि बॅटरी का संपते ते कळत नाही. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची निष्क्रिय टास्क स्वतः एफपीयू वापरत नाही, त्यामुळे आधीच्या टास्कचे फ्लॅग जिवंत रजिस्टरात तसेच राहतात. झोपण्याआधी ते पुसा आणि एनव्हीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमधली प्रलंबित खूणही काढा.

शेवटी तपासणी. आठवड्यातून एकदा येणारा बग मिनिटात यावा यासाठी दोन चाचण्या लिहा. पहिल्या चाचणीत ‘अ’ मास्क लावून शून्याने भागतो आणि ताबा सोडतो. ‘ब’ मास्क उघडून बसलेला असतो आणि फक्त लोड करतो. ‘ब’ जिवंत राहिला पाहिजे. दुसरीत ‘अ’ मास्क उघडून भागतो आणि लगेच ताबा सोडतो. सिग्नल ‘अ’ च्याच स्टॅकवर आला पाहिजे. कर्नल तपासायचं असेल तर दोन खरे थ्रेड एकाच कोअरला बांधा, ‘अ’ ला भागाकारानंतर बराच वेळ निव्वळ पूर्णांकी चक्रात फिरवा, मग एफवेट. तोपर्यंत ‘ब’ सतत एक्स८७ लोड करत राहील. भागाकार सी मध्ये लिहू नका. कंपायलर उत्तर मेमरीत ठेवायला लगेच एफएसटीपी घालतो, ती थांबणारी आहे, आणि एक्सेप्शन स्विचपर्यंत पोचायच्या आतच फुटतं. चाचणी हिरवी दिसते आणि काहीच तपासलेलं नसतं. इनलाइन असेंब्लीत, इंटेल लेखनपद्धतीने, एफएलडी१, एफएलडीझेड, एफडिव्हपी लिहा आणि ताबा सोडणारी कॉल त्याच्या लगेच मागे ठेवा. तेव्हा एक्स८७ च्या स्टॅकवर उत्तर पडून असतं, एबीआयला ते चालत नाही, म्हणून चाचणी संपताना एफएनइनिट मारून सगळं साफ करा.